राउटर, क्ष-किरण आणि दुपारचे ऊन

वाचकाचे पत्र, थोडक्यात : माझी मुलगी दहावीत आहे. मागच्या महिन्यात अभ्यास करता करता तिने मला विद्युतचुंबकीय वर्णपटाचा पट्टा दाखवला. एका टोकाला रेडिओलहरी, मध्ये प्रकाश आणि दुसऱ्या टोकाला क्ष-किरण व गॅमा किरण, असे सारे एकाच ओळीत मांडलेले होते. घरातला वायफाय राउटर आणि रुग्णालयातले क्ष-किरण यंत्र एकाच जातीची गोष्ट बाहेर टाकत असतील, तर आपण घरात काय आणून ठेवले आहे, या विचाराने मला झोप लागेना. मी राउटर बंद केला, मायक्रोवेव्ह ओव्हन वापरणे सोडले आणि एका नातेवाइकांनी दिलेले किरणरोधक स्टिकर सर्वांच्या मोबाइलला लावले. मामंजींच्या पोटदुखीसाठी डॉक्टरांनी सांगितलेला सीटी स्कॅनही मी पुढे ढकलायला लावला आहे. मुलगी आता भर दुपारी मैदानावर खेळायला जाते. निदान ती मोकळ्या हवेत असते, एवढेच समाधान. यजमानांना माझी भीती पटत नाही, पण ती का चूक आहे हे त्यांनाही सांगता येत नाही. मी चुकते आहे का? आणि मुलीचा एक प्रश्न आहे : या एवढ्या मोठ्या पट्ट्यातला इतका थोडाच भाग डोळ्यांना का दिसतो?

ताई, सप्रेम नमस्कार.

उत्तराला सुरुवात करण्यापूर्वी एक विनंती. हे पत्र वाचून झाल्यावर मामंजींच्या डॉक्टरांना दूरध्वनी करा आणि स्कॅनची वेळ पुन्हा ठरवून घ्या. तुमच्या पत्रातल्या साऱ्या गोष्टींपैकी उशीर झाल्यास खरोखर नुकसान होऊ शकेल अशी हीच एक गोष्ट आहे. राउटर महिनाभर बंद राहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही, पण वयस्कर माणसाच्या पोटदुखीचे कारण महिनाभर न शोधणे ही वेगळी बाब आहे. स्कॅनमधल्या किरणांविषयी तुम्हाला वाटणारी काळजी मी बाजूला सारत नाही. तिच्याकडे मी पुढे सविस्तर येणार आहे.

तुमच्या मुलीने सांगितले ते अक्षरशः खरे आहे, आणि तुम्ही त्यावर विचार केलात हेही योग्यच झाले. रेडिओलहरी, सूक्ष्मलहरी (म्हणजेच मायक्रोवेव्ह), अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सारी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची एकमेकांना साथ देत पुढे सरकणारी आंदोलने आहेत, आणि निर्वात पोकळीत त्या सर्वांचा वेग तंतोतंत एकच, सेकंदाला 29,97,92,458 मीटर, इतका असतो. हे नाते पुस्तक लिहिणाऱ्यांनी सोयीसाठी जोडलेले नाही, ते एकेका प्रयोगातून सिद्ध होत गेले. 1800 मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, पारा सर्वांत जास्त चढला. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांना दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडच्या अंधारात, चांदीचा क्षार सर्वांत वेगाने काळा पडताना आढळला. लहानपणी ‘तानापिहिनिपाजा’ घोकताना तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पट्टा संपला असे आपल्याला वाटते, परंतु या दोघांनी दाखवून दिले की तिथे संपते ती आपली दृष्टी, पट्टा तसाच पुढे चालू राहतो.

1865 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विजेच्या आणि चुंबकत्वाच्या मोजमापांवरून अशा लहरींचा वेग गणिताने काढला आणि तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी जुळला. वीज, चुंबक आणि प्रकाश हे तीन वेगळे विषय त्या एका आकड्याने एकत्र आले. मला स्वतःला भौतिकशास्त्राच्या साऱ्या इतिहासात याहून सुंदर क्षण ठाऊक नाही. त्यानंतर दोन दशकांनी हाइनरिश हर्ट्झ यांनी ठिणगीतून रेडिओलहरी निर्माण केल्या आणि जस्ताच्या पत्र्यावरून त्या आरशावरून प्रकाश परतावा तशा परतवून दाखवल्या. 1895 च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी अर्ध्या सेंटिमीटरइतक्या आखूड लहरींवर प्रयोग करून तोच धागा पुढे नेला. त्याच वर्षी रंटजेन यांना क्ष-किरण सापडले, आणि 1912 मध्ये स्फटिकातून ते पाठवल्यावर तेही लहरींप्रमाणेच पसरतात आणि एकमेकांत मिसळून ठिपक्यांची नक्षी उमटवतात हे सिद्ध झाले. तेव्हा कूळ एकच आहे, याबद्दल शंका नाही.

तुमची गल्लत पुढच्या पायरीवर झाली आहे, आणि ती होण्यात आपल्या भाषेचाही वाटा आहे. ‘किरणोत्सर्ग’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. युरेनियम, रेडियम यांसारख्या पदार्थांची अणुकेंद्रे आपोआप बदलत असताना त्यांतून जे बाहेर पडते तो किरणोत्सर्ग, आणि मोबाइलच्या मनोऱ्यातून निघणाऱ्या लहरींनाही बातम्यांमध्ये किरणोत्सर्गच म्हटले जाते. दुसऱ्या अर्थासाठी आपल्याकडे ‘प्रारण’ हा चांगला शब्द आहे, पण तो पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा पडलेला नाही. कोणत्याही वस्तूने लहरींच्या रूपात बाहेर टाकलेली ऊर्जा म्हणजे प्रारण. दिवा प्रारण देतो, तापलेली इस्त्री देते, आणि तुमचे-माझे शरीरही अहोरात्र अवरक्त प्रारण देत असते. ‘घरात प्रारण आहे’ या वाक्याने कोणी घाबरणार नाही, ‘घरात किरणोत्सर्ग आहे’ या वाक्याने मात्र कोणाचीही झोप उडेल. मी स्वतः प्रारण हाच शब्द आग्रहाने वापरतो, आणि घरात बोलताना तुम्हीही तो वापरून पाहावा असे सुचवतो.

आता मूळ मुद्दा. अशा कोणत्याही प्रारणाविषयी दोन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. पहिला प्रश्न असा की, त्यातल्या एकेका कणाची ऊर्जा किती. दुसरा असा की, असे कण किती संख्येने आणि किती वेळ अंगावर पडतात.

पहिल्या प्रश्नात ‘कण’ हा शब्द आला, त्याचा खुलासा करतो. विसाव्या शतकाच्या आरंभी, 1900 मध्ये माक्स प्लांक यांच्या आणि 1905 मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या कामातून असे दिसून आले की प्रकाशलहरी आपली ऊर्जा सलग धारेने देत नाही, ठरावीक आकाराच्या पुड्यांनी देते. या पुड्यांना आपण फोटॉन म्हणतो. लहर जितकी आखूड, म्हणजे तिची वारंवारता (दर सेकंदाला होणारी आंदोलने) जितकी जास्त, तितकी प्रत्येक पुडीतली ऊर्जा जास्त. मध्यम लहरींवरच्या रेडिओ केंद्राची एक लहर सुमारे 300 मीटर लांब असते, राउटरची साडेबारा सेंटिमीटर, हिरव्या प्रकाशाची मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी, आणि क्ष-किरणांची अणूच्या आकाराएवढी किंवा त्याहूनही लहान. या लांबीतला फरक हाच त्यांच्या स्वभावातला फरक आहे.

शरीरातल्या रेणूंचे बंध तोडायचे, किंवा अणूपासून इलेक्ट्रॉन अलग करायचा, तर एका फोटॉनमध्ये किमान काही ठरावीक ऊर्जा असावी लागते. भौतिकशास्त्रात ही ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मोजतात. रासायनिक बंधांना इजा होण्यासाठी साधारण तीन ते पाच, आणि इलेक्ट्रॉन पूर्ण निखळण्यासाठी दहा-बारा इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये सुमारे 2.3 असतात, त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे 4, आणि वैद्यकीय क्ष-किरणांत हजारोंच्या पटीत. राउटरच्या फोटॉनमध्ये मात्र एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक लक्षांश भाग असतो.

हा आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून एक कल्पना करा. वाटेत पाच हात रुंद चर आहे आणि तो एकाच उडीत ओलांडायचा आहे. पाच हात उडी मारणारा एकच माणूस आला तरी तो पलीकडे जाईल. परंतु ज्यांची उडी केसाच्या जाडीइतकीही नाही, असे लाखो जण काठावर जमले तरी त्यांच्या उड्यांची बेरीज होत नाही, आणि चर ओलांडला जात नाही. राउटरचे फोटॉन या दुसऱ्या जमावासारखे आहेत. ते संख्येने कितीही असले तरी त्यांतला कोणीही डीएनएचा बंध तोडू शकत नाही. विचार करा, तुमच्या टेबलावरच्या दिव्याच्या दृश्य प्रकाशातल्या प्रत्येक फोटॉनची ऊर्जा राउटरच्या फोटॉनच्या दीड लाख पटींहून अधिक आहे, आणि त्या दिव्याखाली मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा तुमच्या मनात भीतीचा लवलेशही नसतो. तुमची ती निर्धास्ती योग्यच आहे.

मग राउटरच्या आणि ओव्हनच्या या सूक्ष्मलहरी काहीच करत नाहीत का? करतात. त्या तापवतात, आणि इथे दुसरा प्रश्न पुढे येतो. काठावरच्या जमावाला चर ओलांडता आला नाही तरी त्यांच्या धावपळीने जमीन तापेल, तसे सूक्ष्मलहरींचे असंख्य फोटॉन पदार्थातल्या पाण्याच्या रेणूंना हलवून ऊब निर्माण करतात. ओव्हन आणि राउटर जवळजवळ एकाच वारंवारतेवर चालतात, हे कदाचित तुम्हाला कोणी सांगितले असेल आणि त्याने भीती वाढली असेल. ते खरेही आहे. पण ओव्हन सात-आठशे वॅट ऊर्जा एका बंद धातूच्या पेटीत कोंडून ठेवतो, आणि राउटर साधारण एक दशांश वॅट चारही दिशांना पसरवून देतो. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते, या नियमाने एक मीटरवर राउटरच्या लहरींची तीव्रता दर चौरस मीटरला एका वॅटच्या शंभराव्या भागाच्याही आत येते. सामान्य नागरिकांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा या वारंवारतेला दर चौरस मीटरला 10 वॅट आहे आणि तीही तापण्याचा धोका लक्षात घेऊन बरीच सावधगिरी राखून ठरवलेली आहे. म्हणजे तुमचा राउटर त्या मर्यादेच्या हजाराव्या भागाच्याही खाली राहतो. तुलनाच करायची तर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे 100 वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते आणि तिचा मोठा भाग अवरक्त लहरींच्या रूपात असतो. राउटर खुशाल सुरू करा.

ओव्हनच्या बाबतीत मला एवढेच सांगायचे आहे की त्यात तापवलेले अन्न किरणोत्सर्गी होत नाही आणि दार उघडताच लहरी थांबतात. दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश साठून राहत नाही, तसेच हे. दाराच्या काचेत जी बारीक छिद्रांची धातूची जाळी असते तिच्यातून मिलिमीटरहून कितीतरी आखूड असलेला प्रकाश सहज बाहेर येतो आणि म्हणून आपल्याला आतले दिसते, पण बारा सेंटिमीटर लांबीची लहर त्या छिद्रांतून बाहेर पडू शकत नाही. वर्णपटातला फरक घरातल्या घरात दाखवणारी याहून चांगली वस्तू मला सुचत नाही, मुलीला ती जाळी जरूर दाखवा. दार वाकले असेल, बिजागरी सैल झाली असेल किंवा कडेची पट्टी फाटली असेल, तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत ओव्हन वापरू नये.

मोबाइलविषयी थोडे अधिक जपून बोलायला हवे, कारण तो आपण कानाला लावतो. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे आणि शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, इतकाच आहे. त्यानंतर 2024 मध्ये त्याच संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही. तरीही कोणाला मनाची शांती हवी असेल, तर लांब संभाषणासाठी इअरफोन वापरावा किंवा स्पीकर चालू करावा. अंतराचा नियम इथेही तेच काम करतो, आणि फोन दोन-चार वीत दूर गेला की तीव्रता कितीतरी पटींनी घटते.

ते स्टिकर मात्र आजच काढून टाका. फोनचे कामच मुळी लहरी पाठवणे आणि घेणे हे आहे. स्टिकरने लहरी खरोखर अडवल्या तर समोरचा आवाज तुटेल, आणि मनोऱ्यापर्यंत पोचण्यासाठी फोन आपली प्रक्षेपणशक्ती आपोआप वाढवेल, म्हणजे हेतूच्या उलट घडेल. अडवल्या नाहीत, तर स्टिकरचा उपयोग शून्य. नातेवाइकांनी ते तुमच्या काळजीपोटीच दिले असतील, तेव्हा त्यांना हे कारण शांतपणे समजावून सांगा.

आता सीटी स्कॅन. इथे तुमची काळजी निराधार नाही, कारण या तपासणीत क्ष-किरणच वापरतात आणि त्यांच्या फोटॉनला तो चर सहज ओलांडता येतो. ते अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकतात आणि डीएनएला इजा करू शकतात. म्हणून इथे सारा भर दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे मात्रेवर, येतो. ही मात्रा मिलिसीव्हर्ट या एककात मोजतात. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण यांमुळे जगातल्या सरासरी माणसाला दर वर्षी सुमारे 2.4 मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा काहीही न करता मिळते. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रात ती 0.1 किंवा त्याहूनही कमी असते. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण 8 ते 10 असते, म्हणजे नैसर्गिकरीत्या तीन-चार वर्षांत मिळणारी मात्रा काही सेकंदांत मिळते. कमी मात्रेचाही तिच्या प्रमाणात धोका असतो असे सावधपणे गृहीत धरून हिशेब केला, तर 10 मिलिसीव्हर्टमुळे आयुष्यात पुढे कधीतरी जीवघेणा कर्करोग होण्याची जादा शक्यता सुमारे 2,000 मध्ये 1 इतकी निघते. उतारवयात ती आणखी कमी होते, कारण असा कर्करोग उद्भवायला बहुधा अनेक वर्षे लागतात. ही शक्यता शून्य नाही हे मी तुमच्यापासून लपवत नाही. मात्र तिच्यासमोर, पोटदुखीचे कारण न कळण्याचा धोका ठेवून पाहा. डॉक्टरांनी तपासणी सांगताना हाच तोल पाहिलेला असतो.

डॉक्टरांना प्रश्न विचारायला संकोच करू नका. सोनोग्राफीने किंवा एमआरआयने हेच उत्तर मिळेल का, असे अवश्य विचारा, कारण सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात, आणि एमआरआयमध्ये शक्तिशाली चुंबक व रेडिओलहरी. दोन्हींत क्ष-किरण नसतात. पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असे येईल, कारण प्रत्येक तपासणीला दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. अलीकडे कुठे स्कॅन झाला असेल तर त्याची चित्रे सोबत न्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. मूत्रपिंडाचा विकार किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर तेही आधी सांगा, कारण शिरेतून औषध देऊन स्कॅन करायचा झाल्यास त्याला महत्त्व असते. स्कॅन करून घरी आलेल्या मामंजींजवळ बसायला कोणीही बिचकू नये. यंत्र थांबले की क्ष-किरण संपतात आणि शरीरात त्यांचे काही उरत नाही. ज्या तपासण्यांत किरणोत्सर्गी औषध टोचले जाते त्या निराळ्या असतात, आणि त्यांच्या वेळी लागणाऱ्या सूचना रुग्णालय स्वतंत्रपणे देते.

ताई, तुमच्या पत्रातले मला सर्वांत जास्त खटकलेले वाक्य तुम्ही समाधान म्हणून लिहिले आहे. मुलगी भर दुपारी मैदानावर असते. वर सांगितलेले दोन्ही प्रश्न आता उन्हाला विचारून पाहू. फोटॉनची ऊर्जा किती? उन्हातल्या ज्या अतिनील किरणांची तरंगलांबी, म्हणजे एका लहरीची लांबी, 280 ते 315 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असते, त्यांच्या फोटॉनमध्ये राउटरच्या फोटॉनच्या सुमारे चार लाख पट ऊर्जा असते, आणि डीएनएचे शेजारचे दोन घटक एकमेकांना चुकीच्या जागी जोडून टाकायला ती पुरते. प्रमाण किती? निरभ्र आकाशात माथ्यावरचा सूर्य दर चौरस मीटरला सुमारे 1,000 वॅट ऊर्जा देतो, आणि तिचा काही टक्के भाग अतिनील असतो. घरातल्या ज्या वस्तूंना तुम्ही घाबरलात त्यांपैकी एकही वस्तू दोन्ही प्रश्नांवर अशी एकदम उतरत नाही. कर्करोग संशोधन संस्थेने सूर्याच्या प्रारणाला ‘कर्करोगकारक’ या पहिल्याच गटात ठेवले आहे, तिथे ‘कदाचित’ हा शब्द नाही.

यावरून तिचे खेळणे बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. खेळ तिच्या शरीराला हवा आहे, आणि त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हायला थोडे ऊनही हवे आहे. वेळ तेवढी बदला. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तर अतिनील किरण तीव्र आहेत असे समजावे. ही खूण कोणत्याही उपकरणाशिवाय कुठेही उपयोगी पडते. साधारणपणे सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर खेळणे चांगले. दुपारीच जावे लागले तर रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, उघड्या त्वचेला किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन लावावे आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे. सावळ्या त्वचेतल्या मेलॅनिनमुळे काही संरक्षण मिळते हे खरे, पण डोळ्यांना ते मिळत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या अतिनील किरणांनी मोतीबिंदूचा धोका वाढतो. गॉगल घ्यायचा तर काचेच्या काळेपणावर जाऊ नका. 400 नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवतो असे त्यावर लिहिलेले असावे, कारण नुसत्या गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि न अडलेले किरण उलट जास्त आत जातात.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो फार खोल रुजलेला आहे. उन्हाचा चटका जाणवतो तो मुख्यतः अवरक्त आणि दृश्य प्रकाशाचा. अतिनील किरणांची ऊब त्वचेला कळतही नाही. म्हणूनच गार वारा असलेल्या किंवा विरळ ढगांच्या दिवशी माणूस निर्धास्त बसतो आणि संध्याकाळी कातडी लाल होते. डोंगरावर हवा थंड असते, पण उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. खिडकीच्या साध्या काचेतून भाजणारे आखूड अतिनील किरण बहुतांशी अडतात, त्यांच्याहून लांब, 315 ते 400 नॅनोमीटरचे, मात्र बरेचसे आत येतात.

यजमानांना आता कारण सांगता येईल असे वाटते. मुलीला मात्र तुम्ही एक गोष्ट आवर्जून सांगा, की तिने दाखवलेला पट्टा बरोबर होता आणि आईने घेतलेली धास्ती ही मुलीची चूक नव्हती. एखाद्या मुलीने घरी येऊन शिकलेले सांगावे आणि घरातले वातावरण बिघडावे, असे एकदा घडले की ती पुढच्या वेळी सांगायला कचरते, आणि तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते.

तुमचा,
सदरलेखक

ता. क. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यासाठी स्वतंत्र लिहितो. संगीतात एका सप्तकाच्या वर गेले की स्वराची वारंवारता दुप्पट होते. तांबड्या प्रकाशाची वारंवारता सेकंदाला सुमारे 430 लाख कोटी आणि जांभळ्याची सुमारे 750 लाख कोटी, म्हणजे आपले डोळे जेमतेम एक सप्तक ऐकतात म्हणू या, आणि माणसाने आजवर मोजलेला सारा वर्णपट पन्नासहून अधिक सप्तकांचा आहे. मग हेच सप्तक का? सूर्याची ऊर्जा याच्या आसपास सर्वांत दाट आहे, आणि वातावरणातून ती जमिनीपर्यंत पोचते. याहून आखूड अतिनील किरण ओझोनमध्ये अडतात आणि अवरक्ताचा बराच भाग पाण्याची वाफ शोषून घेते. शिवाय डोळ्यांची सुरुवात पाण्यात राहणाऱ्या जीवांमध्ये झाली, आणि पाणी निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त पारदर्शक असते. फोटॉनच्या ऊर्जेचाही इथे संबंध आहे : दृष्टिपटलातला रेणू वळवण्याइतकी ती हवी, पण त्याला मोडण्याइतकी नको, आणि या दोहोंमधली जागा नेमकी हीच आहे. सर्व प्राण्यांची सीमा मात्र एकच नाही. मधमाश्यांना फुलांवरच्या अतिनील खुणा दिसतात आणि काही सापांना भक्ष्याच्या अंगातले अवरक्त जाणवते. आपल्याला न दिसणाऱ्या पट्ट्याची एक झलक तिला घरीच पाहता येईल. खोलीत अंधार करून अवरक्तावर चालणारा टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि बटण दाबायचे. मागच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा अवरक्त गाळणारी काच असते, तेव्हा तिथे काही दिसले नाही तर पुढचा कॅमेरा वापरायचा. रिमोटच्या टोकाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर अंधारच असतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर त्याच जागी फिकट जांभळा ठिपका लुकलुकत असतो.